९६/२४च्या फ्लॅक फाइली नेटवर्क प्लेअरवर अडखळतात, काही तर दिसतच नाहीत. शोध कुठून सुरू करू?

बोरीकाठची · अमळनेर

नमस्कार मंडळी. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाईच्या सणाची आणि जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांचे आवाज मी ध्वनिमुद्रित करते. मुद्रण बहुतेक ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये (९६/२४), म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटचा. त्यातलं निवडून, साफ करून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता लहान केलेल्या फाइलीत ठेवते. सोबत विकत घेतलेले शास्त्रीय गायनाचे अल्बम आहेत, त्यातले काही १९२/२४चे. हा सगळा साठा वरच्या खोलीत नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर आहे. राउटरही तिथंच. खाली बैठकीत नेटवर्क प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर, मधे जिन्यात वायफायचा रिपीटर. खालचं घर जुनं, दोन-दोन फूट रुंद मातीच्या भिंतींचं; वरची खोली नंतरची, स्लॅबची.

अडचण अशी. सीडीच्या दर्जाच्या, म्हणजे ४४.१/१६च्या फाइली तासन्‌तास वाजतात. ९६/२४ची फाइल मधेच गप्प होते, काही सेकंदांनी पुन्हा सुरू होते. १९२/२४ तर आलाप रंगायच्या आत थांबते. याशिवाय काही फाइली दर वेळी नेमक्या त्याच जागी तुटतात. आणि कानबाईच्या विसर्जन मिरवणुकीचं अख्खं फोल्डर प्लेअरवर रिकामं दिसतं. संगणकावर उघडलं तर फाइली जागच्या जागी आहेत, वाजतातही.

मोबाइलवर इंटरनेटचा वेग मोजला तर चाळीस एमबीपीएसच्या वर येतो. दुकानात सांगितलं, नवा प्लेअर घ्या. तो घेण्याआधी दोष नेमका कुठं आहे ते मला कळायला हवं. येत्या आखाजीला गाणाऱ्या सगळ्याजणी माझ्याकडे जमणार आहेत. त्यांचा आवाज त्यांना मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकवायचा नाही.

पांझराकाठ · धुळे

ताई, पह्यले वायर लावा, मंग बाकीनं दखू.

केळीवाला · रावेर

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझ्याकडेही १९२ची फाइल असंच करते.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

ताई, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धं काम झालंय. माझ्या मते ही एक तक्रार नाही, तीन आहेत. फाइल जितकी जड तितकी जास्त अडखळते, ही पहिली. ठरावीक जागी तुटते, ही दुसरी. दिसतच नाही, ही तिसरी. तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून चाललात तर महिनाभर फिरत राहाल.

पहिलीचा हिशेब करू. सीडीच्या दर्जाचा उघडा, म्हणजे न दाबलेला पीसीएम आवाज सेकंदाला १४११ किलोबिट घेतो. ९६/२४ घेतो ४६०८. १९२/२४ घेतो ९२१६. फ्लॅकमध्ये बांधल्यावर हे आकडे साधारण निम्म्या ते पाऊणपटीवर येतात; किती ते गाण्यावर ठरतं. म्हणजे तुमची ९६/२४ची फाइल सेकंदाला तीन मेगाबिटच्या आसपास मागते. चाळीसच्या जोडणीवर ती अडायचं कारणच नाही.

पण तुम्ही मोजलेला वेग हा बाहेरच्या जगापासून मोबाइलपर्यंतचा आहे. गाणं नॅसवरून राउटरला, तिथून रिपीटरला, तिथून प्लेअरला असं घरातल्या घरात येतं. बाहेरून आलेली फायबरची तार उपसून ठेवलीत तरी ते वाजलं पाहिजे. तेव्हा तो चाळीसचा आकडा या शोधात धरू नका.

आता एक चाचणी करा. तिन्ही प्रकारच्या दोन-दोन फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह थेट प्लेअरच्या यूएसबीला लावा. नेटवर्क पूर्ण बाजूला पडेल. जे बरं वाजेल त्याचा दोष वाटेत आहे. जे तरीही बिघडेल त्याचा दोष फाइलीत नाहीतर प्लेअरमध्ये. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

पांझराकाठ · धुळे

गिरणाभाऊंशी सहमत. मी कॅमेरे आणि लॅनची कामं करतो, घरोघरी हेच पाहतो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर राउटरचं ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतो, म्हणून वेग तिथंच निम्मा होतो. त्यात मातीची दोन फुटांची भिंत. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीपुढे दम टाकते, मग प्लेअर २.४वर येतो. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गल्लीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. संध्याकाळी सगळे घरी आले की जास्त अडखळतं का ते बघा.

पुणेकर खान्देशी

मूळचा चोपड्याचा, आता पुण्यात. माझा अनुभव वेगळा आहे. मी ऑडिओसाठी खास बनवलेली इथरनेट केबल आणि लिनियर पॉवर सप्लाय लावला, तेव्हापासून आवाजात फरक पडला. ताईंनी वायर लावायचीच ठरवली तर साधी लावू नये.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

@पुणेकर, तुम्हाला फरक जाणवला असेल, त्यावर वाद नाही. पण ताईंचा प्रश्न आवाज थांबण्याचा आहे. नॅसवरून फाइल येते ती टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीने, पाकिटापाकिटाने येते. पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि बफरमध्ये, म्हणजे प्लेअरच्या तात्पुरत्या साठ्यात पोचलेले बिट मूळ फाइलीतलेच असतात. वेळेत पोचले तर गाणं वाजतं, नाही पोचले तर थांबतं. केबल धड असली की तिथं तिचं काम संपलं. महागड्या केबलचे पैसे ताईंनी दुसऱ्या हार्डडिस्कवर घालावेत. कानबाईची गाणी एकाच नॅसवर असतील तर मला तीच काळजी मोठी वाटते.

यार्डातला · भुसावळ

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हा छंद लागला. माझा प्लेअर म्हणजे रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक, त्यावर मूड हा गाणी वाजवणारा प्रोग्राम. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो अडखळायचा आणि रात्री दहानंतर शहाण्यासारखा वाजायचा. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळिसाच्या घरात. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या वर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. नुसती फ्लॅक उलगडायला त्याला फारसं बळ लागत नाही, पण मी सगळं १९२ला अपसॅम्पल करून, म्हणजे नमुन्यांचा दर वाढवून ऐकत होतो, त्याला लागतं.

दुसरं निघालं वीज. मोबाइलच्या चार्जरवर चालवत होतो. पाय ३ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर लागतात. व्होल्टेज ४.६३च्या खाली आलं की तो इशारा देतो आणि तेव्हाही वेग उतरवतो. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांचे कूलर सुरू झाले की घरातली वीजच पडते, मग असल्या चार्जरचं काय विचारता. नीट अ‍ॅडाप्टर घेतला, अपसॅम्पलिंग बंद केलं, प्लेअर टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर काढून मोकळ्यावर ठेवला. त्यानंतर भर दुपारी १९२/२४ वाजतं.

ताई, तुमचा राउटर आणि नॅस स्लॅबच्या खोलीत आहेत. आखाजीच्या दिवसांत ती खोली दुपारी भट्टी होत असणार. तिथलं तापमान जरूर बघा. नॅसच्या मेन्यूत डिस्कचं तापमान दिसतं.

तोरणमाळ · नंदुरबार

काका, कूलरसमोर प्लेअर ठेवायचा आणि आपण उन्हात बसायचं, एवढंच राहिलंय आता.

यार्डातला · भुसावळ

खरं सांगू? दोघांनाही हवा लागेल अशीच खुर्ची मांडली आहे मी.

केळीवाला · रावेर

माझं पण कोणीतरी सांगा. नेटवर्क प्लेअर वायरवरच आहे. तिथून ऑप्टिकल केबलने डॅकला, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या डब्याला. ९६ छान वाजतं. १९२ लावलं की प्लेअरवर सेकंद पुढं सरकतात, आवाज शून्य.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

@केळीवाला, तुमचं प्रकरण ताईंसारखं नाही. सेकंद सरकत आहेत म्हणजे फाइल पोचते आहे, उलगडतेही आहे. अडतंय ते शेवटच्या हातभर अंतरात. ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक, बऱ्याच उपकरणांत ९६पर्यंतच भरवशाची असते. कोॲक्शियल केबल लावून बघा, ती सहसा १९२ नेते. डॅकला यूएसबी असेल तर तीही चालेल, फक्त डॅक यूएसबी ऑडिओ क्लास २चा हवा. क्लास १ची झेप ९६/२४पर्यंतच.

बोरीकाठची · अमळनेर

पेनड्राइव्हची चाचणी झाली. ९६/२४ आणि १९२/२४ दोन्ही सरळ वाजतात, कुठंही खंड नाही. मारव्याचा अख्खा विलंबित ख्याल एका दमात ऐकला, फार बरं वाटलं. ठरावीक जागी तुटणाऱ्या फाइली पेनड्राइव्हवरही तिथंच तुटतात. मिरवणुकीचं फोल्डर पेनड्राइव्हवरूनही रिकामंच दिसतं.

पांझराभाऊ, तुमचं बरोबर निघालं, संध्याकाळी सात ते दहा सगळ्यात जास्त अडखळतं. आणि यार्डातले काका, नॅसची डिस्क दुपारी ५२ अंश दाखवते.

सातपुड्याखाली · शहादा

फोल्डर रिकामं दिसतं त्याचं कारण देवनागरी नावं तर नाहीत? माझ्या गाडीतल्या प्लेअरमध्ये मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन येतात.

बोरीकाठची · अमळनेर

आधी मलाही तेच वाटलं होतं. पण आखाजीच्या फोल्डरमध्येही सगळी नावं देवनागरीत आहेत आणि ती व्यवस्थित दिसतात. ‘झोक्यावरची, वावडे’ असं स्वल्पविरामासकट नाव दिसतं.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

म्हणजे तिन्ही तक्रारी वेगळ्या हे पक्कं झालं. पहिली वाटेतली आहे. दुसरी फाइलीतली. तिसरीसाठी मला सांगा, मिरवणुकीच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत? फ्लॅक की वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या? आणि कोणत्या रेकॉर्डरवर घेतल्या?

तोवर दुसरीचं बघा. फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाची एमडी५ खूण लिहून ठेवलेली असते. फ्लॅकच्या मूळ प्रोग्राममध्ये चाचणीची सोय आहे. तो फाइल पूर्ण उलगडतो, खूण पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळतात का ते सांगतो. फाइलीतला आवाज एका बिटाने जरी बदलला असला तरी पकडला जातो. जोश कोलसन यांनी २००१ साली फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती आणली, तेव्हापासूनची ही सोय आहे, आणि मला या प्रकाराबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो. तुमच्यासारखं काम करणाऱ्यांना फाइल शाबूत आहे हे कानाने तपासत बसावं लागत नाही. एक फोल्डर नाही, सगळा साठा तपासायला लावा, रात्रभर चालू द्या.

बोरीकाठची · अमळनेर

मिरवणुकीच्या फाइली वेव्ह आहेत. तो रेकॉर्डर नवा घेतला होता, ३२ बिट फ्लोट, म्हणजे दशांशी आकडे लिहितो. ढोल-डफाचा आवाज अचानक चढतो आणि लेव्हल बघायला हात मोकळा नसतो, म्हणून मुद्दाम तो घेतला. त्या फाइली अजून संपादित केलेल्या नाहीत, कार्डावरून उतरवल्या तशाच आहेत.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

सापडलं. तुमचा प्लेअर ३२ बिट फ्लोट वेव्ह ओळखत नसणार. जे वाजवता येत नाही ते बरेच प्लेअर यादीतच घेत नाहीत, म्हणून फोल्डर रिकामं दिसतं. संगणकावरचे प्रोग्राम फ्लोट सहज वाचतात, म्हणून तिथं वाजतं. मिरवणुकीसाठी तुमची निवड अगदी योग्य होती, कारण फ्लोटमध्ये शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाजही फाइलीत शाबूत राहतो.

पण आता बदलताना सांभाळा. फ्लॅकमध्ये फ्लोट बसत नाही, तिथं पूर्णांकच लागतात. २४ बिटमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. सरळ रूपांतर केलंत तर ढोलाची प्रत्येक चढी थाप वरून कापली जाईल. ऑडॅसिटी या संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडा, सगळ्यात वरचं टोक किती आहे ते बघा, पूर्ण फाइलची पातळी खाली आणून ते टोक उणे एक डेसिबलवर बसवा, आणि मग २४ बिट फ्लॅक काढा. पूर्ण फाइलची पातळी एकदम खाली आणा, तुकड्यातुकड्याने नको. मिरवणूक लांबून जवळ येते तो चढाव तसाच राहिला पाहिजे. मूळ फ्लोट फाइली मात्र अजिबात पुसू नका.

केळीवाला · रावेर

कोॲक्शियल लावली. १९२ वाजलं! भाऊ, तुम्ही रावेरला या, बागेतली केळी तुमची.

आणि काय आवाज आहे. ४४.१ आणि १९२मधला फरक मला डोळे मिटून कळतो.

तोरणमाळ · नंदुरबार

आता लागेल वणवा.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

वणवा नको, पण माझं मत सांगतो. ४४.१च्या सॅम्पलिंगमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण बसतो. तरुण निरोगी कानाची हद्द २० किलोहर्ट्झ, वयाबरोबर ती खाली येते. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अंध, म्हणजे काय वाजतंय ते ऐकणाऱ्याला न सांगता घेतलेल्या चाचण्या छापल्या. एसएसीडी या सीडीहून वरच्या दर्जाच्या चकतीचा आवाज मधेच सीडीच्या दर्जावर आणला तरी ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. पुढं २०१६ साली लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले. तिथं ओळखण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या, म्हणजे निव्वळ अंदाजाच्या थोडंसंच वर आलं, बावन्नच्या आसपास, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांचं त्याहून बरं. म्हणजे फरक असलाच तर बारीक आहे. एकाच अल्बमच्या ४४.१ आणि १९२ आवृत्त्या पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून, म्हणजे वेगळ्या अंतिम मूळ प्रतीवरून केलेल्या असतात, आणि कानाला कळतो तो सहसा मास्टरचा फरक.

केळीवाला · रावेर

मास्टर वेगळा असेल, मान्य. तरी मी १९२च ऐकणार. गायिकेने श्वास घेतला की खोली जागी होते, तो अनुभव मला त्यातच आलाय.

बोरीकाठची · अमळनेर

माझं थोडं सांगते. मी ९६/२४ ऐकण्यासाठी निवडलं नाही, जपण्यासाठी निवडलं. जात्याची घरघर आणि ओवी म्हणणाऱ्या आजीचा बारीक आवाज एकाच मुद्रणात येतात. २४ बिटमध्ये लेव्हल खाली ठेवून मुद्रण करता येतं आणि तरी तो बारीक आवाज खरखरीत बुडत नाही. पुढं कोणी घरघर कमी करून शब्द वेगळे काढायला बसेल तर त्याच्या हाती पुरेसा ऐवज असावा. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, इआसा, जुन्या मुद्रणांसाठी किमान ४८/२४ सांगते. ज्यांच्याकडून मी ही गाणी घेतली त्यातल्या काही आता नाहीत. त्यांचं मुद्रण पुन्हा होणार नाही.

यार्डातला · भुसावळ

हे वाचून जीव गलबलला. माझी आई यावलकडची, तिच्या ओव्या कोणी घेतल्या नाहीत.

ताई, ५२ अंश डिस्कला जास्त आहेत. नॅस खाली आणा. मातीच्या भिंतींचा खालचा मजला एप्रिलमध्येही गार असतो.

पांझराकाठ · धुळे

काकांचं ऐका. आणि नॅस खाली आणलात तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. राउटर वरच राहू द्या, नॅस आणि प्लेअर बैठकीत आणा, एक छोटा गिगाबिट स्विच घ्या आणि दोन्ही त्यात जोडा. गाण्याला वर जायची गरजच उरणार नाही. स्विचपासून वरच्या राउटरपर्यंत एक लांब वायर ओढा, म्हणजे मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून गाणी निवडता येतील.

वायर घेताना आतलं तांबं खरं आहे ना ते बघा. स्वस्तातली सीसीए असते, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती टोकाला मोडते आणि मग कधी चालते, कधी नाही. कॅट५ई शंभर मीटरपर्यंत भरवशाची आहे, घरात तेवढं अंतर नसतंच. विजेच्या पाइपातून नेऊ नका. टोकं बसवणाऱ्याला सांगा, दोन्हीकडे एकच क्रम हवा: नारिंगीपांढरा, नारिंगी, हिरवापांढरा, निळा, निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी. प्लेअरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असेल तर घाबरू नका, १९२/२४ला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही.

आणखी एक. नॅसवरच्या, प्लेअरला गाणी पुरवणाऱ्या डीएलएनए सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ट्रान्सकोडिंग सुरू आहे का बघा. काही सर्व्हर फ्लॅक वाटेतच उलगडून पीसीएम करून पाठवतात. मग तीन मेगाबिटच्या जागी साडेचार जातात. काही त्याहून वाईट करतात, १६ बिटवर उतरवून पाठवतात आणि तुम्हाला वाटतं आपण ९६/२४ ऐकतोय. प्लेअरच्या पडद्यावर जो आकडा येतो तो फाइलीच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

तोरणमाळ · नंदुरबार

वायर ओढायला वर चढायचं असेल तर मला बोलवा. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, एवढीच मजुरी.

पांझराकाठ · धुळे

आखाजीला भरताची वांगी कुठली रे भो? हिवाळ्यापर्यंत ताईंनी गाणी थांबवायची का?

पुणेकर खान्देशी

पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर हाही पर्याय आहे, भिंती न फोडता घरातल्या विजेच्या तारांतून नेटवर्क नेता येतं.

पांझराकाठ · धुळे

@पुणेकर, नव्या घरात चालतो. जुन्या घरात वायरिंग तीनदा जोडलेलं असतं, वर इन्व्हर्टर. अ‍ॅडाप्टर स्पाइक गार्डच्या पट्टीत लावला की सिग्नल गाळला जातो, आणि वरचा मजला वेगळ्या फेजवर असला तर पोचेलच असं नाही. मी अशा घरांत लावत नाही.

पुणेकर खान्देशी

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. माझाही एक प्रश्न घेता का? डीएसडी, म्हणजे एसएसीडीच्या एक-बिटी पद्धतीची फाइल लावली की गाण्याऐवजी नुसता सूंऽऽ असा आवाज येतो.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

@पुणेकर, डीओपीने पाठवत असाल. त्यात डीएसडीचे बिट पीसीएमच्या पोत्यात भरून जातात आणि वर एक खूण असते, ती बघून डॅक ओळखतो. प्लेअरमधला डिजिटल व्हॉल्यूम जरा कमी केलात की बिट बदलतात आणि खूण जाते. डॅक ते पीसीएम समजून वाजवतो, म्हणून सूं. प्लेअरचा व्हॉल्यूम फिक्स किंवा शंभरवर ठेवा, इक्वलायझर बंद करा, आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरून कमी-जास्त करा.

पुणेकर खान्देशी

वाजलं. व्हॉल्यूमच होता. दंडवत.

बोरीकाठची · अमळनेर

मंडळी, सगळं सांगते.

नॅस आणि प्लेअर बैठकीत एका स्विचवर आले. वरपर्यंतची वायर शेजारच्या मुलाने जिन्याच्या कडेने नेली, भिंत फोडावी लागली नाही. सर्व्हरचं ट्रान्सकोडिंग सुरूच होतं, ते बंद केलं. आता ९६/२४ आणि १९२/२४ दोन्ही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीही थांबत नाहीत. पडद्यावर आकडे फाइलीतले तेच येतात. डिस्कचं तापमान भर दुपारी चाळिसाच्या आत आहे.

फ्लॅकची चाचणी पूर्ण साठ्यावर चालवली. तुटणाऱ्या फाइलींशिवाय आणखी काही फाइली बिघडलेल्या निघाल्या, ज्या मी अजून ऐकल्याच नव्हत्या. सगळ्या एकाच जुन्या डिस्कवरून नॅसवर आलेल्या. त्या डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद काढली तर बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत चाललेला. सुदैवाने मूळ कार्डांच्या प्रती वेगळ्या ठेवल्या होत्या. तिथून नवी फ्लॅक काढली, पुन्हा चाचणी घेतली, सगळ्यांची खूण जुळली.

मिरवणुकीच्या फाइलींचं टोक शून्याच्या बऱ्यापैकी वर होतं. गिरणाभाऊंनी सांगितलं तसं पातळी उतरवून २४ बिट फ्लॅक केल्या. फोल्डर आता भरलेलं दिसतं. ढोल लांबून येतो आणि अंगणात शिरतो, तसाच ऐकू येतो. प्लेअर जुनाच आहे आणि तोच राहील.

एक छोटी गोष्ट उरली आहे. ४४.१च्या गाण्यानंतर ९६चं गाणं लागलं की पहिला शब्द गिळला जातो.

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

फार छान ताई! सॅम्पलिंगचा दर बदलला की डॅकला नव्या घड्याळावर स्थिर व्हायला क्षण लागतो, तेवढ्यात तो आवाज बंद ठेवतो. काही प्लेअरमध्ये सुरुवातीला थोडी शांतता घालायचं सेटिंग असतं. नसेल तर आखाजीच्या यादीत एकाच दराच्या फाइली ठेवा.

आता साठ्याच्या तीन प्रती करा. एक नॅसवर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे. एमडी५ची चाचणी ठरवून घेत जा.

यार्डातला · भुसावळ

तिसरी प्रत भुसावळला ठेवायची असेल तर माझं कपाट आहे. गार कोपऱ्यातलं.

सातपुड्याखाली · शहादा

वाचनखूण साठवली आहे. जाता जाता एक विचारतो. माझ्या मावशीच्या गाण्यांची कॅसेट आहे, नव्वदच्या दशकातली. संगणकात घ्यायची तर ९६/२४ घेऊ की पुरे ४८/२४?

गिरणेचं पाणी · चाळीसगाव

कॅसेटला ४८/२४ पुरतं, जागा असेल तर ९६/२४ घ्या. दराहून जास्त फरक डेकमुळे पडतो. हेड स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि मागं फिरवून घ्या. मग अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन जुळवा. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने, कानाला हेडफोन लावून, आवाज मोनो करून. ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथं थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं करावं लागतं, कारण ती ज्या डेकवर भरली त्याचा कोन वेगळा असतो. डॉल्बीने भरली आहे का ते लेबलवर बघा. नोंद नसेल तर डॉल्बी बंद ठेवून घ्या.

बोरीकाठची · अमळनेर

@सातपुड्याखाली, डेक नसेल तर माझ्याकडे आहे, अमळनेरला घेऊन या. मावशी कुठल्या गावच्या आणि गाणी कुठल्या सणाची तेही लिहून आणा, फाइलीच्या टॅगमध्ये घालू.